आमची वाटचाल : पिवळ्या चिठ्ठीचं दुकान

आमच्या दुकानातून जुना, वापरलेला लॅपटॉप बाहेर पडतो तेव्हा बिलासोबत एक पिवळा कागद जातो. त्या यंत्रात काय काय कमी आहे ते त्यावर हाताने लिहिलेलं असतं. झाकणावर ओरखडा. डावा स्पीकर बारीक. बॅटरी मूळच्या ६८ टक्के. गिऱ्हाइकाने ते वाचून खाली सही केल्याशिवाय आम्ही पैसे घेत नाही. पाटीवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरांत आहे, पण लातुरात लोक आम्हाला ‘चिठ्ठीवाले’ म्हणूनच ओळखतात.

उदगीरला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बदललेला कंडेन्सर असो की ट्रान्झिस्टर, जळका पार्ट ते कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. मी एकदा विचारलं, हा कचरा कशाला देता? म्हणाले, “त्येच्या पैशाचा हाय तो. जळला तरी त्येचाच.” मी तेव्हा नववीत होतो. ऐकलं आणि विसरून गेलो.

२०११ साली मी लातुरात ट्यूशन एरियाच्या कडेला दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला आणि कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. विंडोज टाकून देणं, व्हायरस काढणं, प्रिंटरची शाई भरणं. नांदेड, बीड, परभणी, धाराशिव, सगळीकडची पोरं इथे शिकायला येतात, त्यामुळे काम कमी पडलं नाही. लॅपटॉप विकायचा विचार डोक्यात नव्हता. पण रोज कुणी ना कुणी बाप दारात उभा राहायचा : “भैया, लेकराचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय. पंधरा हजारात बसंल असं कायतरी बगा की.” पंधरा हजारात नवा लॅपटॉप बसत नव्हता. जो बसायचा तो इतका मंद असायचा, की सहा महिन्यांत तोच बाप तोच लॅपटॉप घेऊन परत दारात.

२०१४ मध्ये दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून बारा जुने लॅपटॉप मागवले. पैसे निम्मे माझे, निम्मे बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून उभे केलेले. खोकी उघडली तर चार यंत्रं बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी यंत्र स्वतः मागतं त्या, पासवर्डने बंद. डेस्कटॉपचा अनुभव होता, म्हणून आतला नाण्याएवढा सेल काढून बघितला. पण कंपन्यांना विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपमध्ये तो पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये साठवलेला असतो, सेल काढून तो जात नाही. आणखी दोघांची झाकणं नुसती रंगवलेली होती. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हापासून माल मी स्वतः जाऊन, प्रत्येक नग चालू करून, बायोसमध्ये शिरून बघितल्याशिवाय आणत नाही.

पण चिठ्ठी त्या तोट्यातून आली नाही. तो माझा तोटा होता, मी सोसला.

उरलेल्या सहांपैकी एक मी जळकोट तालुक्यातल्या एका मुलीला अठरा हजारांना विकला. नांदेडला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. बॅटरी थकलेली आहे हे मला माहीत होतं. तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाच महिन्यांनी तिचे वडील एसटीने आले. लॅपटॉप धोतराच्या फडक्यात गुंडाळून खताच्या रिकाम्या पिशवीत घातलेला. बॅटरी फुगून टचपॅड वर आला होता, झाकण नीट मिटत नव्हतं. फुगलेली बॅटरी केव्हाही पेट घेऊ शकते. आणि ते यंत्र त्या मुलीच्या उशाशी होतं. वडील ओरडले नाहीत. “सोयाबीन इकून दिलता ओ,” एवढंच म्हणाले. मी पूर्ण पैसे परत केले, पण त्या रात्री झोप लागली नाही. आप्पांची ती पुडी आठवली ती तेव्हा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून पिवळ्या कागदाचा गठ्ठा आणला.

चिठ्ठीने सुरुवातीला धंदा कमीच केला. लोक दोष वाचून परत जायचे, कारण बाजूच्या दुकानात ‘ए ग्रेड, एकदम नव्यासारखा’ म्हणून तसलाच माल मिळायचा. ए ग्रेड, बी ग्रेड म्हणजे नेमकं काय, याला कुठलंही ठरलेलं माप नाही. प्रत्येक विक्रेता आपापलं ठरवतो. पण अक्षरं लिहिलेली असली की माणूस विश्वास ठेवतो. त्यातच २०१६ चा उन्हाळा आला. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तो उन्हाळा. होस्टेलं रिकामी झाली, पोरं गावाकडे गेली. दोन महिने एकही लॅपटॉप विकला नाही. दुरुस्तीवर घर चाललं.

मग हळूहळू चिठ्ठी घेऊन गेलेले लोक भावाला, भाच्याला घेऊन यायला लागले.

आमच्याकडे येणाऱ्याला पहिला प्रश्न बजेटचा नसतो, कामाचा असतो. नीटची तयारी करणाऱ्या पोराला आम्ही लॅपटॉप विकत नाही. त्याला वही, पुस्तक आणि झोप लागते, फोनवर सराव परीक्षा देता येते. वडिलांना सांगतो, पैसे ठेवा, पुढे लागतील. गावात सेवा केंद्र चालवणाऱ्याला दिसायला पातळ यंत्र देत नाही. त्याला अंगठ्याचं मशीन, प्रिंटर, पेनड्राइव्ह एकाच वेळी जोडायचे असतात, त्याला यूएसबीची भोकं जास्त लागतात. शिवाय जुलैत पीकविम्याची मुदत जवळ आली की सर्व्हर रात्रीच चालतो आणि नेमकी लाईट जाते. अशांना मी थिंकपॅड टी ४८० हा लॅपटॉप दाखवतो. त्याला आत एक बॅटरी आणि मागे एक काढता येणारी. चालू असतानाच मागची बदलता येते.

‘आय फाइव्ह आहे का?’ हा प्रश्न दिवसातून दहा वेळा येतो. आय फाइव्ह हे इंटेलच्या प्रोसेसरचं, म्हणजे यंत्राच्या मेंदूचं, नाव. तो २०१२ चाही असतो आणि २०२३ चाही. बघायचं ते पुढच्या आकड्याकडे. ७२०० यू म्हणजे सातवी पिढी, त्यात दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन हात. ८२५० यू म्हणजे आठवी, त्यात चार. पिढीत एकाचाच फरक, कोरमध्ये दुपटीचा. आणि आठवी पिढी ही दुसऱ्या कारणानेही उंबरठा आहे : इंटेलचं बघितलं तर विंडोज ११ साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात लागते. म्हणून आज आमच्या फळीवर लॅटिट्यूड ७४९०, एलिटबुक ८४० जी ५, टी ४८० असा २०१८ च्या आसपासचा माल असतो. ही यंत्रं कंपन्या तीन-चार वर्षं वापरून काढून टाकतात. बिजागरी भक्कम, कीबोर्ड टिकाऊ, मागचे स्क्रू काढले की रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारा वेगवान साठा) हाताशी. तेवढ्याच पैशांत मिळणाऱ्या नव्या स्वस्त यंत्रात पुष्कळदा चार जीबी रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. ती वाढवता येत नाही, मग नवेपणाचा उपयोग काय?

मात्र जुन्यातही सगळी सारखी नसतात. टी ४८० मध्ये रॅमच्या दोन खाचा आहेत. त्याचाच पातळ भाऊ टी ४८० एस, त्यात थोडी रॅम बोर्डावर आणि खाच एकच. एकाच मॉडेलमध्ये १३६६ बाय ७६८ चा फिका पडदाही येतो आणि फुल एचडीचा चांगलाही. बाहेरून दोन्ही जुळे. पडदा तिरका करून बघा, रंग उलटे दिसले तर समजा हलका आहे.

बॅटरीचं मात्र मी कुणालाही तोंडी सांगत नाही, दाखवतो. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे असतात. लॅटिट्यूड ७४९० ची मोठी बॅटरी नवी असताना ६०,००० मिलिवॉट-तासांची. आता ३९,००० भरत असेल तर ती ६५ टक्के उरली. साठच्या खाली असेल तर आम्ही बदलूनच देतो आणि किंमत तेवढी वाढवतो. एसएसडीचंही आयुष्य असंच सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, तेही चिठ्ठीवर जातं. विंडोज अस्सल आहे का हेही सेटिंगमध्ये ‘ॲक्टिव्हेशन’ उघडून गिऱ्हाइकासमोर बघतो. कंपनीच्या यंत्रांत विंडोजचा मूळ परवाना क्रमांक बहुतेकदा बायोसमध्येच असतो, तो स्वतःहून लागू होतो. तरीही कित्येक ठिकाणी क्रॅक, म्हणजे विनापरवाना विंडोज, टाकून देतात.

एक गोष्ट कुणी विचारत नाही, पण मी सांगतोच. चार्जरची तिसरी पिन कापू नका. खेड्यात खूप घरांत अर्थिंगच नसतं, लोक पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात घालतात, मग धातूच्या अंगावर मनगट ठेवलं की झिणझिण्या येतात आणि लॅपटॉप खराब म्हणून परत आणतात. यंत्र चांगलं असतं, घराला अर्थिंग हवं असतं.

२०२० च्या मार्चनंतरचे दिवस सांगताना मला अजूनही जड जातं. शाळा-कॉलेजं फोनवर आली आणि लोक मिळेल ते यंत्र मागू लागले. तेव्हा आम्ही चौथ्या, पाचव्या पिढीचे पुष्कळ लॅपटॉप विकले. चिठ्ठ्या लिहिल्या, दोष सांगितले, फसवलं कुणालाच नाही. पण ही यंत्रं किती वर्षं चालवता येतील, हे चिठ्ठीवर नव्हतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा, म्हणजे नेहमीचे मोफत अपडेट, संपला आणि ती सगळी यंत्रं मागे पडली. आम्ही जुनी वही काढून एकेकाला फोन लावले. ज्यांचं काम फक्त टायपिंग, इंटरनेट आणि व्हिडिओ बघण्याचं होतं त्यांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली बसवून दिली, मजुरी घेतली नाही. काहींना मायक्रोसॉफ्टच्या वाढीव वर्षभराच्या सुरक्षा अपडेटची सोय लावून दिली. काहींचे फोन लागले नाहीत. तेव्हापासून चिठ्ठीवर एक ओळ वाढली : ‘अपडेट कधीपर्यंत.’

आज आम्ही चौघे आहोत. मी, बायको आणि कामाला असलेली दोन पोरं. दोन्ही आयटीआय झालेली, एक औशाचा, एक निलंग्याचा. बायको हिशेब बघते आणि चिठ्ठ्या तीच लिहिते, तिचं अक्षर सुंदर आहे. आप्पा लातूरलाच असतात. नजर कमी झाली, पण पंख्यातली धूळ मऊ कुंच्याने काढायचं काम ते कुणाला देत नाहीत. आपल्याकडची काळी माती आणि सोयाबीनच्या सुगीतला भुसा पंख्यात असा बसतो, की यंत्र चहाच्या किटलीसारखं तापतं. बदललेली जुनी रॅम आणि जुनी हार्डडिस्क आम्ही पुडीत बांधून देतो. बॅटरी तेवढी देत नाही, ती धोक्याची असते आणि ई-कचऱ्यात जाते. आप्पांना हे पटायला वेळ लागला.

परवा शिरूर अनंतपाळकडचे एक काका नातीसाठी आले होते. एकोणीस हजार, मोजून आणलेले. बायकोने चिठ्ठी वाचून दाखवली : “बॅटरी ७१ टक्के, उजव्या शिफ्टचं बटण जरा कडक, पडद्यावर खाली डाव्या कोपऱ्यात पांढरा डाग.” काकांनी चष्मा काढून डाग शोधला, सापडेना. नातीने बोट ठेवून दाखवला. मग त्यांनी सहीच्या जागी अंगठा चालेल का विचारलं. आप्पांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं.