पंधरा फ्रेम

ब्रिटिश विनोदी नट जेफ्री पामर गेल्याची बातमी ६ नोव्हेंबर २०२० ला आली. इंग्लंडचं दुसरं लॉकडाऊन आदल्याच दिवशी लागलेलं. मी लंडनला घरूनच कर्णबधिरांसाठी सबटायटल्स करत होते. बातमीपाठोपाठ निरोप आला: त्यांच्या जुन्या मालिकांच्या फाइली आजच्या आज तपासून द्या.

मला ‘बटरफ्लाइज’चा एक भाग मिळाला. मालिका १९७८ ते ८३ ची. पामर त्यात बेन, फुलपाखरं जमवणारा घुमा डेंटिस्ट. बायकोच्या हातचा स्वयंपाक सगळ्या घराला नकोसा. जेवताना ते आधी ताटाकडे बघतात, मग तिच्याकडे. चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. मग वाक्य येतं. हसू खरं तर त्याआधीच फुटलेलं असतं.

फाइलीत नेमकी ती ओळ ते ताटाकडे बघत असतानाच पडद्यावर उमटत होती. वाचायला वेळ मिळावा म्हणून! मिनिटाला १६० ते १८० शब्द हा आमचा वेग, सेकंदाला २५ फ्रेम. मी ओळ १५ फ्रेम उशिरा आणली, तोंड उघडतं तिथे बसवली आणि वेग सांभाळायला दोन शब्द गाळले. तरी आकडा थोडा वर गेलाच.

याच चेहऱ्याने त्यांनी ‘डॉक्टर हू’मध्ये १९७०, १९७२ आणि २००७ साली तीन वेगळी माणसं उभी केली, तिन्ही मरणारी. ‘फॉल्टी टॉवर्स’च्या एका भागात हॉटेलात पाहुणा मरून पडलाय आणि पामरच्या डॉक्टरला नाश्त्याचे सॉसेज हवेत. तिथला बोलण्याआधीचा थांबा आखूड, चिडका. बेनचा लांब, थकलेला. जुडी डेंचबरोबरची ‘अ‍ॅज टाइम गोज बाय’ १९९२ ला सुरू झाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. इतक्या वर्षांत कमावलेला हा थांबा ओळ लवकर टाकली की गेला.

माझं काम तपासणाऱ्याने ओळ जुन्या जागी नेली. शेरा: वेग जास्त. मी फोन करून भांडले. ‘प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही,’ असं उत्तर मिळालं. तपासणाऱ्यांना ऐकू येतं, म्हणून त्यांना विनोद वेळेवर पोचतो. विनोद आधी फोडू नका, हे आमच्या नियमांत आहेच. पण सॉफ्टवेअर वेग लाल करून दाखवतं, फुटलेला विनोद दाखवत नाही. आणि लाल दिसेल तेवढंच दुरुस्त करायची सवय लागलेली माणसं आता फार झालीत.

फाइल जुन्याच वेळेने गेली. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना पामर ताटावरून मान वर करायच्या आतच ते काय बोलणार हे वाचायला मिळालं.