पोटाखालची स्टेपनी

काही गाड्यांची स्टेपनी डिकीत नसते, मागच्या बाजूला पोटाखाली टांगलेली असते. इनोव्हा हे त्यातलं ओळखीचं उदाहरण. डिकी मोकळी राहते, पंक्चर झालं की बॅगा उतरवाव्या लागत नाहीत. सोय खरी, पण चाकांनी चार महिने उडवलेला चिखल त्या टांगणीवरच जाऊन बसतो. रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांना वर खारा वारा. हवा भरणारा पोरगा चार चाकं तपासतो आणि पाचवं सोडून देतो. मग घाटात, नेमकी रात्रीच, गरज पडते आणि स्टेपनी खाली सोडायची दांडी फिरवावी तर जागची हलत नाही.

रचना विहिरीच्या रहाटासारखीच. दांडी फिरली की गिअर फिरतो, साखळी किंवा वायररोप (तारांचा पिळलेला दोर) सुटते आणि चाकाच्या मधल्या भोकात अडकवलेली पट्टी चाकासह खाली येते. चिखल वाळून गिअरच्या दात्यांत बसला, त्यावर गंज चढला, की सगळं एकजीव होतं. अशा वेळी लांब पाइप लावून जोर करणं हा आपल्याकडचा लाडका उपाय, आणि गिअरचे दाते झिजतात ते त्यामुळेच. मग दांडी गरगर फिरते, चाक तिथंच.

त्यापेक्षा गंज सोडवणारं स्प्रे-तेल गिअरवर नि शाफ्टवर मारून रात्रभर सोडा. सकाळी स्टेपनीखाली जॅक लावून ती बोटभर वर उचला. साखळीवरचा ताण गेला की अडकलेली टांगणी पुष्कळदा सुटते. दांडी पाव आटा पुढे, पाव आटा मागे, अशीच फिरवायची. चाक वीस किलोंच्या पुढे भरतं, म्हणून खालचा जॅक काढायचा नाही आणि त्याखाली डोकं घालायचं नाही. गॅसची ज्योत तर नकोच. टायर तिथंच आणि इंधनाची टाकीही फार लांब नसते.

चाक उतरलं की टांगणी बोल्ट काढून बाहेर घ्या. बोल्ट तुटलाच तर ग्राइंडरने कापून ८.८ ग्रेडचा (जास्त ताकदीचा) नवा घाला, रद्दीतला साधा नको. टांगणी डिझेलमध्ये भिजवून वायरब्रशने घासा, साखळी किंवा रोप पूर्ण उलगडा. रोपवरून जाडसर फडकं फिरवा. तुटलेली तार फडक्यात अडकते. एखादी जरी अडकली तरी रोप बाद. गाठ मारणं, वेल्डिंग करणं, क्लिप लावणं, यातलं काही टिकत नाही. साखळीची कडी एका बाजूने झिजून पातळ झाली असेल तर तिचंही तेच.

टांगणी जिथं बसते त्या आडव्या पट्टीवर हातोडी वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर रेड ऑक्साइडचा गंजरोधक हात आणि वर रंग पुरे. भद्द वाजलं, खपल्या पडल्या, तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि सीएनजी गाडी असेल तर हे काम माहीतगाराकडेच. पट्टीला पाणी निघायची भोकं असतात, ती रंगाने बुजवू नका.

बसवताना साखळीला पातळ तेल लावा. घट्ट ग्रीस चिखल धरून ठेवतं आणि टायरला लागलं तर रबर खराब करतं. साखळीच्या टोकाची पट्टी चाकाच्या भोकात सरळ बसलीय ना ते बघूनच चाक वर ओढा. वर गेल्यावर दोन्ही हातांनी हलवून पाहा. जरा जरी डुललं तर खड्ड्यांत आपटत राहणार. हवा मात्र वर चढवायच्या आधीच भरा.