आमची वाटचाल : खाली येणारा वेग आणि वर जाणारा वेग

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील गावांना इंटरनेट जोडणी देणे, फायबर केबल टाकणे, तिचे जोड तयार करणे आणि ती तुटली की दुरुस्त करणे हा आज आमचा व्यवसाय आहे. 2001 साली तो सुरू झाला तेव्हा दुकानात टंकलेखन, झेरॉक्स आणि तासावर भाड्याने मिळणारा एक संगणक एवढेच होते. मोडेमच्या खोक्यावर सेकंदाला 56 किलोबिट हा वेग छापलेला असे, पण आमच्या दूरध्वनीच्या तारेवर तो कधीच पूर्ण मिळाला नाही. पुढे वाचनात आले की अमेरिकेतील महासंगणक केंद्रांना जोडणारे एनएसएफनेट 1986 साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या मुख्य वाहिनीचा वेगही 56 किलोबिटच होता. म्हणजे संशोधकांच्या एका देशव्यापी जाळ्याचा कणा पंधरा वर्षांनी आमच्या टेबलावर येऊन बसला होता. त्याच सुमारास तिकडच्या विद्यापीठांना जोडणारे अ‍ॅबिलीन नावाचे जाळे मात्र अडीच गिगाबिटवर चालत होते. हे अंतर पाहून आम्हांला वाईट वाटण्यापेक्षा कुतूहलच अधिक वाटले, आणि संशोधन जाळ्यांविषयी मिळेल ते वाचण्याची सवय तेव्हापासून लागली.

भारतात शिक्षणसंस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जाळ्याचे काम 1986 मध्येच सुरू झाले होते. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते 15 ऑगस्ट 1995 पासून, आणि तेही आधी महानगरांत. आमच्याकडे गिऱ्हाईक यायचे ते प्रामुख्याने दहावी-बारावीचा निकाल पाहायला, नोकरीची जाहिरात शोधायला किंवा पुण्यात शिकणाऱ्या मुलाला ई-मेल लिहून घ्यायला. वेब म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले आपण वाचायचे, असाच सर्वांचा समज होता. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये सर्न या प्रयोगशाळेत जी कल्पना मांडली ती मात्र वेगळी होती. 1990 मध्ये त्यांनी तयार केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता येई आणि तेथेच लिहिताही येई. 1993 मध्ये सर्नने हे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि त्याच वर्षी आलेल्या मोझॅक या ब्राउझरमुळे वेब घरोघरी जाण्याची वाट मोकळी झाली, परंतु मोझॅकसारखे जे ब्राउझर लोकप्रिय झाले ते वाचण्यापुरतेच होते. आमच्या मते वेबच्या इतिहासातील हा बदल वेगाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण पुढे जोडणीची रचनाही त्याच समजुतीवर होत गेली.

ब्रॉडबँड आले तेव्हा हे स्पष्ट दिसले. 2004 च्या राष्ट्रीय धोरणानुसार 256 किलोबिट वेगाला ब्रॉडबँड म्हणत असत. दूरध्वनीच्याच तारेवरून ते देणारे एडीएसएल हे तंत्रच असे की तांब्याच्या तारेचा बहुतांश भाग खाली येणाऱ्या माहितीसाठी (डाउनलोड) राखून ठेवला जातो आणि वर पाठवण्यासाठी (अपलोड) थोडाच उरतो. त्यात आमच्या भागातील भारनियमनामुळे इन्व्हर्टरवर दुकान चालवावे लागे. मृगाच्या विजा तारेतून आत शिरून मोडेम जाळून टाकत, त्यामुळे आभाळ भरून आले की जोडणी काढून ठेवणे हा आमच्या कामाचाच भाग झाला होता.

फायबरने विजेची ही भीती संपवली, कारण काच वीज वाहून नेत नाही. त्याऐवजी काळ्या मातीशी गाठ पडली. कापसाची ही भारी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या ओढाताणीत खांब कलतात, जमिनीतील पाईप सांध्यावर सुटतात आणि केबलवर ताण येतो. म्हणून आम्ही केबलला जागोजागी जास्तीचा वेढा सोडतो आणि जोडपेट्या शक्यतो मुरमाड जागी, नाल्याच्या काठापासून दूर ठेवतो. ज्या तंतूतून प्रकाश जातो त्याचा गाभा नऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी बारीक असतो. दोन टोके नीट कापून, पुसून, यंत्रात वितळवून जोडली नाहीत, तर प्रकाश तेथेच गळतो. हे काम आमच्याकडे बारावी झालेली गावातली मुले करतात, आणि अभियंत्यालाही हेवा वाटावा असे करतात. रस्त्याच्या रुंदीकरणात केबल तुटली की हीच मुले रात्री विजेरीच्या उजेडात चिखलात बसून ती जोडतात. खोदणाऱ्याने आधी कळवले असते तर, हे वाक्य आम्ही आता उच्चारायचेही सोडून दिले आहे.

परंतु फायबर आले तरी वेब वाचण्यापुरतेच, हा समज बदलला नाही. आम्ही वापरतो त्या जीपॉन पद्धतीत एका तंतूवर बत्तीस किंवा चौसष्ट घरे असतात, आणि त्या सर्वांत मिळून खाली सुमारे अडीच गिगाबिट तर वर त्याच्या निम्माच वेग असतो. जोडणीच्या योजना विकताना वर जाणाऱ्या वेगाचा आकडा तर बारीक अक्षरांत छापायचा अशी या धंद्याची रीतच आहे.

2017 च्या खरिपात बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, उद्ध्वस्त केली, तेव्हा शेतकरी बोंडांची छायाचित्रे आणि चित्रफिती पाठवून सल्ला मागू लागले. त्याच वर्षी कर्जमाफीचे अर्जही ऑनलाइन भरावे लागले. टाळेबंदीत शिक्षकांना घरून शिकवावे लागले, जिनिंगवाल्यांना आवारातील कॅमेरे घरून पाहायचे होते, आणि डॉक्टरांना एक्स-रे नागपूरला पाठवायचे होते. तक्रारी येऊ लागल्या त्या सगळ्या वर जाणाऱ्या वेगाच्या होत्या.

संशोधन जाळ्यांकडे आम्ही नव्या नजरेने पाहिले ते तेव्हा. 1996 मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांनी इंटरनेट2 उभे केले, आणि 2010 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ज्ञान जाळ्यास मंजुरी दिली. अशा जाळ्यांवर प्रत्येक संस्था जेवढे घेते तेवढेच देऊही शकते. सर्नच्या प्रयोगांचा डेटा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येतो, तेथे त्यावर प्रक्रिया होते आणि निष्पन्न परत जाते. ही वाहतूक एकेरी रस्त्यावर होऊच शकत नाही. 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हटल्या गेलेल्या योजनेत मात्र ग्रामपंचायतीपर्यंत 100 मेगाबिट पोहोचवण्याचा विचार प्रामुख्याने सेवा खाली नेण्याचा होता. गावाकडूनही काही वर जाईल, ही शक्यता तेव्हा पुरेशी धरली गेली नाही, असे आमचे मत आहे.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला लागणाऱ्या पत्त्यांचा प्रश्नही याच्याशीच निगडित आहे. जुन्या आयपीव्ही4 पद्धतीत सुमारे 430 कोटीच पत्ते होते आणि जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी 2011 मध्ये वाटले गेले. त्यामुळे आमचे अनेक ग्राहक एकाच पत्त्याआड बसतात. त्यांना बाहेरचे सर्व दिसते, पण बाहेरून त्यांच्यापर्यंत पोहोचता येत नाही. जिनिंगच्या कॅमेऱ्यांची अडचण नेमकी ही होती. 128 बिटांच्या आयपीव्ही6 मुळे प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता देता येतो. आता नवी प्रत्येक जोडणी आम्ही आयपीव्ही6 सह देतो, जुन्या राउटरांपैकी निम्म्यांना ते जमत नाही म्हणून ते हळूहळू बदलतो आहोत.

आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास एप्रिल 2023 मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली. जगातील इतर वेधशाळांच्या नोंदींशी ताडून पाहण्यासाठी तेथील डेटा अखंड बाहेर पाठवावा लागेल. त्या कामाशी आमचा काही संबंध नाही. आम्ही यंदा दोन्ही दिशांना समान वेग देणाऱ्या एक्सजीएस-पॉनची उपकरणे घेतली असून पहिल्या जोडण्या एक जिनिंग, एक शाळा आणि एक रुग्णालय यांना दिल्या आहेत. या योजनेच्या पत्रकावर दोन्ही आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत छापले आहेत. दर थोडा जास्त आहे, त्यामुळे घरगुती ग्राहक अजून वळलेले नाहीत.