खानापूरचा होम सर्व्हर: रिबूटनंतर गायब झालेलं लॅन परत आलं

मंडळी, सर्व्हर परत चालू झालाय आणि आता मुद्दाम रिबूट मारून बघितलं तरी लॅन (वायरने येणारं नेटवर्क) टिकून राहायलंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कारण रियलटेक कंपनीचं नेटवर्क कार्ड आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मशीनला आहे.

मशीन म्हणजे जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ हे लिनक्स, मदरबोर्डवरच रियलटेक ८१६८ चिप. ह्यावर बेळगाव भागातल्या कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतल्या मराठी साहित्य संमेलनांची लोकांनी दिलेली रेकॉर्डिंग ठेवलीत, त्यामुळे ते बंद पडलेलं मला चालत नाही. पावसात आमच्याकडे लाईट कशी जाते ते ह्या भागातल्या लोकांना सांगायला नको, यूपीएसची बॅटरी संपली, मशीन बंद पडलं, लाईट आल्यावर आपोआप चालू झालं पण पिंगला, म्हणजे नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, उत्तर देईना. मॉनिटर जोडला तर लॉगिन व्यवस्थित, डिस्क सगळ्या जागेवर, पण नेटवर्क कार्डांची यादी दाखवणारा आयपी लिंक हा कमांड मारला की नुसतं एलओ (मशीनचं स्वतःशीच बोलायचं आतलं नेटवर्क) दिसायलंय, बाकी काही नाही.

अशा वेळी सगळे सांगतात कार्ड जळलं, दुसरं घे. वीज कडाडली की लॅन पोर्ट जातात हे खरं आहे, पण पैसे घालायच्या आधी एलएसपीसीआय -एनएनके हा कमांड मारून बघा की, तो मशीनमधली कार्डं आणि त्यांचे ड्रायव्हर दाखवतो. कार्ड त्या यादीतच नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) लॅन बंद झालंय का बघायचं, मग पॉवरची वायर पूर्ण काढून थोडा वेळ तसंच ठेवून परत लावायचं, त्यानेही नाही आलं तर मग हार्डवेअरवर संशय घ्यायचा. माझ्याकडे कार्ड दिसत होतं, आयडी १०ईसी:८१६८ बरोबर होता, 'कर्नल मॉड्यूल्स' (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचा ड्रायव्हरसारखा तुकडा) समोर आर८१६९ पण लिहिलेलं होतं, फक्त 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. म्हणजे कार्ड जिवंत आहे, त्याला चालवणारं कोणी नाही.

आता हे का झालं. ह्या चिपसाठी दोन ड्रायव्हर आहेत, कर्नलसोबत येणारा आर८१६९ आणि रियलटेकचा स्वतःचा आर८१६८. पूर्वी ह्या बोर्डवर आर८१६९ ने लिंक तुटायची म्हणून आर८१६८ डीकेएमएसने (बाहेरचे ड्रायव्हर कर्नलसाठी बांधून देणारी सोय) बसवलेला आणि दोघे एकमेकांच्या आड येऊ नयेत म्हणून आर८१६९ ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे लोड करू नये अशा यादीत, टाकलेला. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल नव्याने बांधतं, पण त्याला त्याच कर्नलचे हेडर (बांधायला लागणाऱ्या फाइली) लागतात. ऑटो अपडेटने नवीन कर्नल आला, हेडर मात्र फक्त जुन्या व्हर्जनचे होते, त्यामुळे आर८१६८ बांधलाच गेला नाही. जुन्या भाडेकरूला घराबाहेर काढलं आणि नवीन आलाच नाही, तसं झालं. आणि हे सगळं रिबूटच्या कितीतरी आधी होऊन बसलेलं, मशीन तोवर जुन्याच कर्नलवर चालू होतं म्हणून कळलं नाही. यूनेम -आर (चालू कर्नलचं नाव) आणि डीकेएमएस स्टेटस (बांधलेल्या मॉड्यूलची यादी) शेजारी ठेवून बघितलं की लगेच दिसतं, चालू कर्नलचं नाव त्या यादीत नसतंच.

इथे एक गोष्ट सगळ्यांना माहीत पाहिजे असं मला मनापासून वाटतं, ब्लॅकलिस्टमुळे फक्त आपोआप लोड होणं थांबतं, नाव घेऊन मॉडप्रोब आर८१६९ असं मारलं की मॉड्यूल लोड होतं! तेवढं केलं, मग नेटवर्किंग सर्व्हिस रिस्टार्ट केली आणि आयपी आला, इंटरनेट नसताना, काही डाउनलोड न करता. हे जमलं नाही तर ग्रबच्या (मशीन चालू होताना येणाऱ्या मेन्यूच्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडायचा, किंवा अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करायचं, लिनक्स त्याला सरळ नेटवर्क कार्ड म्हणून घेतं, मग हेडर उतरवून घेता येतात.

कायमचा उपाय म्हणून आर८१६८ काढूनच टाकला. ब्लॅकलिस्टची ओळ पुसली आणि अपडेट-इनिटरामएफएस -यू मारलं, कारण ब्लॅकलिस्टच्या फाइलची एक कॉपी मशीन चालू होताना वापरल्या जाणाऱ्या बूटच्या इमेजमध्ये पण जाऊन बसलेली असते. आताच्या ६.१ कर्नलमधला आर८१६९ ह्या बोर्डवर चांगला चालायलाय, लिंक तुटलेली नाही, आयपर्फ ह्या वेग मोजायच्या प्रोग्रॅमला सेकंदाला ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतंय, गिगाबिटवर ह्याहून फार जास्त येतच नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) मिळालं नाही असं आलं तर घाबरू नका, कार्ड बहुतेक वेळा तसंही चालतं, फर्मवेअर-रियलटेक पॅकेज टाकलं की ती तक्रार जाते. ज्यांना आर८१६८ ठेवायचाच आहे त्यांनी लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ हे मेटापॅकेज (दुसरी पॅकेजं ओढून आणणारं पॅकेज) टाकून ठेवा, म्हणजे प्रत्येक कर्नलसोबत हेडर आपोआप येतात. सिक्युअर बूट (सही नसलेला प्रोग्रॅम बूटला चालू न देणारी सोय) चालू असेल तर डीकेएमएसच्या मॉड्यूलला डिजिटल सही पण लागते, नाहीतर बांधलेलं मॉड्यूल सुद्धा कर्नल नाकारतो.

निपाणीच्या मित्राच्या मशीनचं दुखणं वरून असंच दिसायचं पण वेगळं निघालं. त्याने एनव्हीएमई डिस्क बसवली, त्यामुळे पीसीआय बसचे (कार्डं जोडायच्या जागांचे) नंबर सरकले आणि नेटवर्क कार्डाचं नाव ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० झालं, ड्रायव्हर ठीक, लिंक ठीक, फक्त कॉन्फिगमध्ये जुनं नाव. मॅक ॲड्रेसवरून (कार्डाच्या स्वतःच्या नंबरवरून) नाव पक्कं करणारी डॉट लिंक फाइल सिस्टिमडीच्या (लिनक्समधल्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नेटवर्क फोल्डरमध्ये टाकून दिली, आता कार्ड कुठल्याही नंबरला गेलं तरी नाव तेच राहतंय.

पुढचं काम यूपीएसची बॅटरी बदलायचं आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहायचं, जी नवीन कर्नल आला की त्यासाठी डीकेएमएसचं मॉड्यूल बांधलंय का ते तपासून मला मेसेज टाकेल. माझ्या मशीनला आता ती लागत नाही, पण निपाणीकडच्या मशीनला एक ड्रायव्हर अजून डीकेएमएसचाच आहे, तिथे आधी लावणार.