गाळा घ्यायचा की पैसे?

गुरुवार, २६ जून. रात्रीचे पावणेबारा.

बिल्डरच्या माणसाचा आज परत फोन. "मॅडम, शनिवारपर्यंत तुमचं तेवढं कळवा. गाळा घेणार की पैसे?" बाकी सगळ्या सभासदांच्या सह्या झाल्यात म्हणे. माझा दवाखाना आहे ती डोंबिवली पूर्वेची इमारत चाळिशी ओलांडलेली. पावसाळ्यात जिन्याखाली बादली ठेवावी लागते आणि स्लॅबचे पोपडे थेट माझ्या तपासणीच्या टेबलावर पडतात. पाडायलाच हवी, त्याबद्दल वादच नाही. पण नवी उभी राहीपर्यंत तीन वर्षं (बिल्डरची तीन म्हणजे आपण पाच धरायची) कुठेतरी भाड्याच्या जागेत बसायचं, आणि मग साठी उलटल्यावर कोऱ्या गाळ्यात सत्यनारायण घालायचा. नाहीतर आत्ताच चेक घ्यायचा आणि पाटी उतरवायची.

१८० चौरस फूट. १९९४ पासून मी त्यात बसतेय.

पलीकडच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी मागच्या दिवाळीला त्यांचा दवाखाना मेडिकलवाल्याला देऊन टाकला. भेटले की खुशीत असतात. "रविवारी दुपारी झोपतो हो, गाढ!" म्हणतात. त्यांचे पेशंट आता प्लास्टिकच्या पिशवीत जुने कागद भरून माझ्याकडे येतात. परवा एक बाई पिशवी उलटी करत म्हणाल्या, "त्यांना काही सांगावं लागत नव्हतं." तक्रार माझ्याबद्दल होती, पण मला ती पटली.

सोमवारचं लिहायचं राहिलंय. आमचे एक काका, चौऱ्याहत्तरचे, रिटायर होऊन जमाना झाला. आल्या आल्या भांडायची सवय. पंखा कमी कर, पुढचा पेपर कुणी नेला, आणि मुख्य म्हणजे फी. मी पन्नासची साठ केली तेव्हापासूनचा हिशोब त्यांच्याकडे तोंडपाठ आहे. सोमवारी मुलगा त्यांना घेऊन आला. "दोन दिवस जेवत नाहीत, वयाचं असेल. एखादं सलाईन लावा, तरतरी येईल." काका गप्प बसले होते. बीपी बरं, नाडी बरी, ताप नाही. मी मुद्दाम म्हटलं, "काका, फी परत वाढवली बरं का." त्यांनी नुसती मान हलवली.

तेव्हा मला भीती वाटली. गोळ्यांची पिशवी मागवली. तीन आठवड्यांपूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांची बीपीची गोळी बदलली होती, नवीत लघवी वाढवणारं औषध जोडलेलं. म्हाताऱ्या माणसांत त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस मंदावतो, हे पुस्तकात आहे, सगळ्यांना माहीत आहे. रक्त पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, सोडियम ११९, धोक्याइतकं कमी. रात्रीच भरती केलं. सलाईन शेवटी लागलंच, फक्त थेंब मोजून आणि आयसीयूत. आज मुलाचा मेसेज होता, सोडियम १३२, आणि कॅन्टीनच्या चहाच्या किमतीवरून वॉर्डबॉयशी वाद झालाय.

ह्याला सेवा वगैरे म्हणू नये. ते शब्द सत्काराच्या शालीबरोबर येतात आणि तिच्याबरोबरच कपाटात जातात. मला हे आवडतं, एवढंच. माणसाचा रोजचा चेहरा माहीत असावा आणि तो बदलला की आपल्याला कळावं. पारावर बसून गावाची खबर ठेवणाऱ्या बायांची आवड आणि माझी आवड एकाच जातीची आहे. काकांनी भांडण केलं नाही, हे कुठल्या लॅबच्या रिपोर्टात छापून येत नाही.

पण खरं लिहायचं तर ओळख आंधळंही करते. एक बाई सारख्या पाठदुखी घेऊन यायच्या. घर मला माहीत, सासू माहीत, नवऱ्याची नोकरी सुटलेली माहीत. मी मनाशी ठरवून टाकलं की दुखणं घरातलं आहे. मलम दिलं, बी कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन दिलं, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. मणक्याचा टीबी निघाला. चार महिने उशीर, आणि तो माझ्या ओळखीनं केला. नव्या डॉक्टरनं पहिल्याच दिवशी एक्स-रे सांगितला असता. त्या बाई अजून माझ्याकडेच येतात, आता सुनेलाही घेऊन. का येतात, विचारायची हिंमत झालेली नाही.

लोकांना वाटतं, डॉक्टर दमतात म्हणून सोडतात. दमणं कसलं? माझी संध्याकाळची ओपीडी घड्याळावर चालत नाही, गाड्यांवर चालते. फास्ट लोकल आली की दहा मिनिटांत बाकडं भरतं, मध्य रेल्वे खोळंबली की साडेदहापर्यंत बसून राहायचं. त्याची सवय झालीय. उबग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. आज सकाळी सोळा जण आले, त्यातल्या सहांना मी नकोच होते, माझा शिक्का हवा होता. जिमचा दाखला, शाळेच्या सहलीचा दाखला, ऑफिसात रजा घेतलेली त्याचा दाखला. एका मुलानं फॉर्म पुढे केला, नजर मोबाइलवरच. "इथे सही, मॅडम." तपासते म्हटलं तर म्हणाला, "त्याची गरज नाही."

आणि मेडिक्लेम. ह्या विम्याला साधा ताप आवडत नाही, त्याला भरती झालेला पेशंट लागतो. दवाखान्यात दोनशे रुपयांत आणि तीन दिवसांत बरा होणारा आजार बहुतेकांना स्वतःच्या खिशातून करावा लागतो, आणि तोच हॉस्पिटलात चोवीस तास काढले की विम्यातून होतो. मग चांगले शिकलेले लोक दार लोटून हळूच विचारतात, एक दिवस ॲडमिट दाखवता येईल का? माझ्याकडे खाटच नाही. पाठवा कुठेतरी, म्हणतात. नाही म्हटलं की कुटुंबच्या कुटुंब तुटतं. वीस वर्षांचं एक घर असं गेलं. रस्त्यात भेटले तर हसतात.

पाठवण्यावरून आठवलं. दवाखाना नवा होता तेव्हा महिनाअखेरीला लॅबचा पोऱ्या पाकीट घेऊन यायचा, पेशंट पाठवल्याचं कमिशन. पहिलं पाकीट मी घेतलं होतं, हे इथेच लिहून ठेवते. दुसरं परत केलं. तर तो बिचारा गोंधळून म्हणाला, "कमी आहे का, मॅडम?" पुढे २०१७ साली राज्य सरकारनं निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांची समिती नेमली, कट प्रॅक्टिसविरोधी, म्हणजे ह्या कमिशनविरोधी, कायद्याचा मसुदाही झाला. कायदा काही झाला नाही. सरळ फीवर जगणारा डॉक्टर त्या पाकीटवाल्यापुढे धंद्यात मागे पडतो, हे तेव्हाही खरं होतं. माझ्या बॅचचे दोघे ह्याच कारणानं नोकरीत गेले, एक विमा कंपनीत, एक औषध कंपनीत.

कोविडचं फार लिहीत नाही. २०२० च्या मार्चअखेर मी अकरा दिवस दवाखाना बंद ठेवला होता. भीतीनं. मग उघडला, रेनकोट घालून. त्याच सुमाराला ठिकठिकाणी नोटिसा निघत होत्या, दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर कारवाई. आणि त्यात जीव गेलेल्या काही खाजगी डॉक्टरांच्या घरच्यांनी ५० लाखांचा सरकारी विमा मागितला, तेव्हा उत्तर मिळालं की तुमची सेवा सरकारनं मागून घेतलेली नव्हती. मला वाटतं आमच्यापैकी बऱ्याच जणांनी मनातल्या मनात दवाखाना त्या दिवशी बंद केला. पाटी नंतर सावकाश उतरली.

लेक नीट-पीजीचा अभ्यास करतेय. तिला रेडिओलॉजी हवी. "आई, तिथे रात्री कुणी दार वाजवत नाही." बरोबर आहे तिचं. शिवाय तिनं एमबीबीएसची सगळी वर्षं मोठ्या हॉस्पिटलात काढली. तिथे माणूस आजार घेऊन आत येतो आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन बाहेर जातो. आधीचा कधी दिसत नाही, नंतरचाही नाही. जे बघितलंच नाही त्याची आवड कुठून लागणार? मला तरी कॉलेजात कुठे लागली होती. पास झाल्यावर दोन वर्षं ठाण्यातल्या एका वयस्कर डॉक्टरांच्या हाताखाली बसले. पुडी कशी बांधायची, बाटलीवर डोसाची कागदी पट्टी कशी कातरून चिकटवायची, सासूला बाहेर बसवून सुनेला कसं बोलतं करायचं, सगळं त्यांनी शिकवलं. माझ्या हाताखाली अजून कुणी बसलेलं नाही. जागाही नाही म्हणा, १८० फुटांत.

हिशोब मांडून बघितला, प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे. भाडं, दुसरं डिपॉझिट, जुन्या पेशंटपैकी स्टेशनच्या पलीकडे येतील ते निम्मे. आकडे सरळ सांगतात, पैसे घे. आकड्यांशी मी फारशी भांडत नाही. तरी बिल्डरनं दिलेला नकाशा दोनदा उघडला. नव्या गाळ्याला खिडकी नाही, काचेचं दार आहे. काचेच्या दारातून आत बसलेली बाई रस्त्यावरून दिसणार. तिथे कोण बोलेल?

आणि मावशींना अजून काहीच सांगितलेलं नाही. बावीस वर्षं नंबर लावतायत, केरवारा करतायत, कुणाला आधी आत सोडायचं ते माझ्याआधी त्यांना कळतं. सोमवारी काकांना रांग मोडून आत त्यांनीच पाठवलं होतं. "आज बोलेनात," एवढंच म्हणाल्या. बिल्डरच्या कागदात त्यांच्यासाठी गाळा नाही आणि पैसेही नाहीत. उद्या ओपीडीच्या आधी त्यांच्याशी बोलायला हवं. नऊला येतात त्या, मी पावणेनऊला जाईन.