शेवटचा बीम

मी न्यूयॉर्कमध्ये स्टीलच्या कामाचा इन्स्पेक्टर आहे, बोल्ट आणि वेल्ड तपासायचे, सही करायची. गेल्या महिन्यातला एक दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितोय.

इथे सांगाड्याचा शेवटचा बीम चढतो त्या दिवसाला टॉपिंग आउट म्हणतात. बीम पांढरा रंगवून तीन-चार दिवस गेटजवळ स्टँडवर ठेवतात, मग सुतार, प्लंबर, मालकाची माणसं, कुणाची पोरंबाळं, सगळे मार्करने सह्या करतात. त्यावर झेंडा आणि ख्रिसमसच्या झाडासारखं छोटं हिरवं झाड बांधून क्रेनने वर. झाड कशाला, तर एक म्हणतो कामावर कुणी मेलं नाही म्हणून, दुसरा म्हणतो युरोपातले सुतार आढ्यावर झाड लावायचे तिथून आलंय. आपल्याकडे स्लॅबच्या दिवशी नारळ फुटल्याशिवाय मिक्सर फिरत नाही ना, तसंच, झाड आल्याशिवाय हुक लागत नाही.

सकाळी सातला बीम बघितला आणि पोटात गोळा आला. टोकापासून टोकापर्यंत रंगवलेला. ड्रॉइंगवर जॉइंट स्लिप-क्रिटिकल, म्हणजे बोल्ट नुसता खुंटीसारखा अडकवायचा नाही, इतका ताणायचा की दोन्ही स्टील एकमेकांवर घट्ट दाबून नुसत्या घर्षणावर लोड धरेल. मध्ये साधा रंग आला की त्या घर्षणाचा भरवसा संपला. टेप लावून तेवढी जागा कोरी ठेवायची हे बीम तयार करणाऱ्या वर्कशॉपमधल्या नवख्या पोरालाही माहीत असतं, पण शोभेचा बीम म्हणून कुणी ड्रॉइंग उघडलंच नाही.

फोरमनला म्हटलं रंग काढावा लागेल. त्याने नुसतं टोकाकडे बोट दाखवलं. भोकांच्या मधोमध एक नाव. आमच्या गँगमध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रिअलजवळच्या कानावाके गावचा, मोहॉक या तिथल्या आदिवासी जमातीचा एक कनेक्टर आहे, म्हणजे वर चढून बीम जागेवर जोडणारा, त्याच्या वारलेल्या वडलांचं. तेही इथेच स्टील चढवायचे. 1907 ला क्यूबेकचा पूल बांधतानाच कोसळला, 75 माणसं गेली, त्यातली 33 या एका गावची, तरी गावाने हे काम सोडलं नाही. बाकीच्या सह्यांवर पुढे फायरप्रूफिंगचा लगदा बसतो. याने मुद्दाम तिथे लिहिलं होतं, जोडणीचा अँगल, म्हणजे L आकाराची पट्टी, वर बसला की नाव स्टीलच्या आत कायमचं राहील म्हणून.

ग्राइंडर त्याने स्वतःच घेतला. कडेने सुरुवात केली, नाव शेवटी. फोरमनने मार्कर पुढे केला, दुसरीकडे लिही म्हणाला, त्याने घेतला नाही. अकराला बीम वर गेला, खाली सगळे टाळ्या वाजवत होते, वर त्याने भोकं जुळवायची ड्रिफ्ट पिन ठोकली, बोल्ट घातले.

चार दिवसांनी वेगळ्याच कामासाठी डिझायनरशी बोलताना सहज विचारलं. म्हणाले त्या बीमला स्लिप-क्रिटिकलची गरज नव्हतीच, ड्रॉइंगच्या सगळ्या शीटवर तशी एकच जनरल नोट होती, विचारलं असतंत तर दोन तासांत लेखी बदलून दिलं असतं. नोट टाकून मोकळं व्हायची ही सवय मला पहिल्यापासून खटकते. पण त्या सकाळी फोन करायचं मलाही सुचलं नाही.

त्याला अजून सांगितलेलं नाही. बोल्टिंग आणखी दोन आठवडे चालणार, रोज सकाळी समोर येतो.