कोरडं चेंबर

ड्रेनेजचं ना हरकत पत्र फाइलला लागलं की बिल्डरचा जीव भांड्यात पडतो. बाकीची पत्रं मागेपुढे येत राहतात, पण मैलापाणी कुठे जाणार याचं उत्तर एकदा शिक्क्यासकट मिळालं की उरतं ते फक्त या टेबलावरून त्या टेबलावर फिरणं. मी बरीच वर्षं हेच काम करतोय. नव्या गृहप्रकल्पाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचं, डिझाइन करायचं, नकाशे आणि हमीपत्रं लावून अर्ज दाखल करायचा, मग त्रुटी निघतील त्यांची उत्तरं देत बसायचं. थोडक्यात, लोक राहायला यायच्या तीन-चार वर्षं आधी त्यांच्या संडासाच्या पाण्याचा हिशेब सरकारला द्यायचा.

हा प्रकल्प पुण्याच्या पश्चिमेला, मुळशीच्या बाजूचा. तीन एकर जमीन, चार इमारती, 240 फ्लॅट. बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर जात होतं, त्यामुळे 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घेणं आलं. शिवाय 1974 च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची कन्सेंट, म्हणजे संमती, आणि बांधकाम परवानगी वेगळीच. तिन्ही ठिकाणी पाण्याचा तोच तक्ता जोडायचा असतो. आकडा एका ठिकाणी जरी हलला तरी तिन्ही फाइली परत येतात.

तक्ता तसा सोपा आहे. फ्लॅटमागे पाच माणसं धरायची, म्हणजे 1,200 माणसं. माणशी रोज 135 लिटर पाणी, त्यातलं 45 लिटर फ्लशचं. एकूण 1,62,000 लिटर. त्यातलं 80 टक्के सांडपाणी म्हणून परत येतं, म्हणजे साधारण 1,30,000 लिटर. त्यासाठी 150 केएलडीचा, म्हणजे रोज 150 हजार लिटरचा एसटीपी. शुद्ध झालेल्या पाण्यातलं 54,000 लिटर पुन्हा फ्लशला. बाग आणि रस्ते-गाड्या धुणं मिळून 12,000. उरतं 64,000.

खरी गंमत इथे सुरू होते. उरलेलं पाणी जितकं कमी दिसेल तितके प्रश्न कमी, म्हणून आमच्या धंद्यात पुष्कळ जण बागेचा आकडा वाढवतात. कागदावरची हिरवळ काय वाटेल तेवढं पाणी पिते. मी पाहिलेल्या एका तक्त्यात तर मूठभर लॉन उसाच्या फडापेक्षा जास्त पाणी घेत होतं. पण बागेला कितीही पाजलं तरी पावसाळ्याचा तक्ता वेगळा द्यावा लागतो आणि त्यात बागेच्या रकान्यात शून्यच येतं. मुळशीकडच्या पावसात लॉनला पाणी घालतो असं लिहायला कुणाची जीभ रेटत नाही. अंगण धुणंही थांबतं. म्हणजे जुलैमध्ये रोजचं 76,000 लिटर पाणी साइटच्या बाहेर गेलंच पाहिजे. ते कुठे जाणार, एवढा एकच प्रश्न या सगळ्या अर्जात खरा असतो.

आमच्याकडे उत्तर होतं. समोरच्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याखाली 300 मिलिमीटरची ड्रेनेज लाइन टाकलेली आहे, शुल्क भरल्यावर जोडणी घेता येईल, असं संबंधित कार्यालयाचं पत्र शेठनी, म्हणजे आमच्या बिल्डरनी, मिळवलं होतं. मी लेव्हल घेतल्या होत्या. नकाशातली इनव्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची पातळी, आमच्या शेवटच्या चेंबरपेक्षा पुरेशी खाली होती, उतार बसत होता. फाइल स्वच्छ होती.

साइट पाहायला आल्या त्या उपअभियंता मॅडम. बोलणं कमी, पायात स्पोर्ट्स शूज, हातात फाइल नाही, नुसता गावनकाशा. हे लक्षण मी ओळखतो. फाइल घेऊन येणारा अधिकारी फाइल तपासतो, नकाशा घेऊन येणारा जमीन. जून उजाडून काही दिवस झाले होते, वळीव दोनदा पडून गेला होता, मोसमी पाऊस अजून यायचा होता. शेठनी शामियाना, खुर्च्या, काजू-बदाम असा सरंजाम ठेवला होता. मॅडम तिकडे फिरकल्याच नाहीत.

"तुमचं पाणी ज्या चेंबरला जोडणार ते दाखवा," त्या म्हणाल्या.

चेंबर सापडेना. नकाशात होतं, रस्त्यावर नव्हतं. मध्यंतरी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला होता आणि झाकण त्याखाली गेलं होतं. टेप लावून जागा काढली. साइटवरच्या दोघा बिगाऱ्यांनी पहारीने डांबर फोडलं, झाकणाच्या कडेला अडकलेली खडी उकरली आणि जोर लावून झाकण सरकवलं. मी सवयीने दोन पावलं मागे झालो. बंद चेंबरमधला वायू माणूस मारतो. झाकण उघडून थांबायचं असतं आणि आत माणूस उतरवायचा तर विषयच नाही.

थांबलो. वास आला नाही.

मॅडमनी आरसा मागितला. ड्रेनेजवाल्यांची ही जुनी रीत. बॅटरीपेक्षा उन्हाचा कवडसा खोलवर जातो. शेठच्या ड्रायव्हरने गाडीतून हातआरसा आणून दिला. त्यांनी तो तिरका धरला आणि उजेडाचा चौकोन चेंबरच्या तळाशी नेला. दोन मीटर खाली कोरडं ठणठणीत सिमेंट. गवंड्याच्या थापीचे फराटे अजून जसेच्या तसे. पाइपच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं आणि ते मध्येच कुठेही फाटलेलं नाही. या लाइनीतून आजवर पाण्याचा थेंब गेलेला नव्हता.

शेठ लगेच म्हणाले, "अहो मॅडम, वरच्या बाजूला अजून वस्तीच कुठाय? पाणी येणार कुठून?"

मुद्दा चुकीचा नव्हता. नवी लाइन कोरडी असू शकते. मॅडम म्हणाल्या, "मग आपण सोडून बघू."

क्युरिंगसाठी दहा हजार लिटरचा टँकर साइटवर उभाच होता. तो आणून नळी चेंबरमध्ये सोडली. आम्ही सगळे खालच्या बाजूचं दुसरं चेंबर उघडून उभे. पाणी आलं, छान आलं, काम करणाऱ्याने उतार चोख दिला होता हे कबूल करायला हवं. तिसऱ्या चेंबरलाही आलं. चौथ्यात वळवाचं गढूळ पाणी आधीच साठलेलं होतं. त्यात आमचं पाणी मिसळलं आणि पातळी वर चढू लागली. वरच चढत राहिली. टँकर बंद केला तरी पातळी उतरेना.

त्यापुढे चेंबरच नव्हतं. रस्ता तिथे डावीकडे वळत होता, लाइन मात्र नकाशाप्रमाणे सरळ शेतातून पुढे जायला हवी होती. शेताच्या बांधाला, घाणेरीच्या झुडपात, पाइपचं तोंड सापडलं. विटा लावून, वर गिलावा करून बंद केलेलं. खालून पाणी झिरपत होतं.

बांधावर त्या शेताचे मालक उभे होते. सत्तरीच्या आसपासचे, गावात सगळे आबा म्हणत. त्यांनी आमचा सगळा कार्यक्रम लांबून पाहिला असणार, कारण कुणी काही विचारायच्या आधी तेच म्हणाले, "तिथंच थांबलंय ते साहेब. पाइप माझ्या रानातनं न्यायचा होता. मोबदल्याचं काय ते लिहून द्या म्हणलं, तर परत कुणी आलंच नाही."

"किती वर्षं झाली?" मॅडमनी विचारलं.

"धाकट्या नातवाच्या बारशाच्या वक्ताला. आता तो शाळेत जातोय."

म्हणजे पत्रातला शब्दन् शब्द बरोबर होता. लाइन टाकलेली होती, 300 मिलिमीटरची होती, डीपी रस्त्याखाली होती. पुढे ज्या पंपिंग स्टेशनला ती मिळायची, ते अजून निविदेच्या अलीकडेच होतं.

आपलं पाणी शेजारच्या ओढ्यात सोडता येईल का, अशी शेठची पुढची सूचना आलीच. हा ओढा ऑक्टोबरनंतर कोरडा असतो. कोरड्या ओढ्यात रोज साठ हजार लिटर सोडलं तर ते ओढ्यात मिसळत नाही, तोच ओढा होतो. खाली ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची विहीर आहे, ओढ्याच्या काठाला लागून. मॅडमच्या गावनकाशावर त्या विहिरीभोवती पेन्सिलीने गोल केलेला मला सकाळीच दिसला होता. शोषखड्ड्याचाही उपयोग नव्हता, मीटरभर मुरमाखाली काळा पाषाण.

आबांना मी विचारलं, एसटीपीचं शुद्ध पाणी शेताला दिलं तर घ्याल का? मला वाटलं, नाक मुरडतील. ते म्हणाले, "मे महिन्यात हवं तेवढं द्या. ऊस वाळतो माझा. पण आखाडात एक थेंब नको. तवा माझंच पाणी मला काढून द्यावं लागतं."

माझे दोन्ही तक्ते आबांनी एका दमात सांगितले होते. मे महिन्यात सगळ्यांना पाणी हवं, जुलैत कुणालाच नको, आणि इमारतीतली माणसं मात्र दोन्ही महिने सारखीच आंघोळ करतात.

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्या उभ्या शेरा लिहिला. कुणावर आवाज चढवला नाही, पत्र देणाऱ्या कार्यालयाबद्दलही चकार शब्द नाही. सदर लाइन अंतिम टोकाशी जोडलेली नाही, अर्जदाराने पावसाळ्यातील अतिरिक्त पाण्याची पर्यायी व्यवस्था सादर करावी, तोवर प्रस्ताव प्रलंबित. दोन-तीन ओळी.

त्या गेल्यावर शेठ शामियान्यात बसले आणि माझ्यावर घसरले. "तुम्ही काय उत्साहाने टेप लावत होता हो? सापडलं नाही म्हणायचं होतं." मग स्वर उतरला. "बाकीचे लोक टँकरने उचलतो असं लिहून देतात. आपणही देऊ. पास होतं."

पास होतं, हे खरंच आहे. मी त्यांना कॅल्क्युलेटर दिला. 76,000 लिटर म्हणजे रोज आठ टँकर. जून ते सप्टेंबर, रोज. सोसायटी ताब्यात दिल्यावर हा खर्च रहिवाशांवर, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते टँकर बंद करून रात्री पंप ओढ्याकडे वळवणार. अशा सोसायट्या मी पाहिल्या आहेत. अध्यक्ष भला माणूस असतो, पण तोही वळवतो, कारण मेंटेनन्स वाढवायला सभा तयार नसते. विहिरीचं पाणी बिघडलं की नोटीस मात्र आधी बिल्डरच्या नावाने निघते. शेठना पर्यावरणापेक्षा हे शेवटचं वाक्य पटलं. मला चालतं. कारण कुठलं का असेना.

नवा प्रस्ताव तयार करायला पावसाळ्याचा बराच भाग गेला. आबांच्या रानातून जायचा हट्ट सोडला. त्याऐवजी रस्त्याच्या कडेने, चढ असलेल्या बाजूला चालू लाइन होती, जरा लांब. ती खरोखर वाहते हे झाकण उघडून, नाकाने खात्री करून घेतलं. तिथपर्यंत पंप आणि रायझिंग मेन, म्हणजे पंपाच्या दाबाने पाणी चढवणारी लाइन, खर्च शेठचा. तो विकास शुल्कातून वळता करून मिळावा असा त्यांचा वेगळा अर्ज गेलाय, त्याचं काय होईल ते होवो. पंपाला जनरेटरची जोड.

एसटीपीही बदलला. 150 चा एकच ठेवण्याऐवजी 75-75 चे दोन भाग. हे खरं तर प्रत्येकाने करायला हवं आणि फारसं कुणी करत नाही. ताबा सुरू होतो तेव्हा 240 फ्लॅटपैकी तीस-चाळीस घरं भरलेली असतात. एवढ्याशा मैल्यावर मोठ्या टाकीतले जिवाणू जगत नाहीत, टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं बिल मात्र पूर्ण येतं, म्हणून कुणीतरी ब्लोअर बंद करतं. दुसऱ्या दिवशी वास सुटतो, तिसऱ्या दिवशी 'एसटीपी खराब आहे' असं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतं. तो खराब नसतो, उपाशी असतो. अर्धी टाकी चालवली तर निदान तेवढी नीट चालते.

परवानगी आली, पण अटीसकट. पहिल्या टप्प्यात दोनच इमारती. रायझिंग मेनमधून पाणी प्रत्यक्ष वाहतंय हे चेंबर उघडून दाखवल्याशिवाय त्यांनाही भोगवटा, म्हणजे राहायला जायची परवानगी, नाही. "चेंबर उघडून" हे शब्द मॅडमनी हाताने घातले आहेत, छापील अटींमध्ये ते नसतात. शेठ कुरकुरले, दोन इमारतींचं बुकिंग लांबलं म्हणून मला बरंच ऐकवलं, आणि पाइपची ऑर्डर दिली.

खोदाई आता आबांच्या बांधाजवळून चाललीय. त्यांनी येऊन शुद्ध पाण्याच्या लाइनीला एक टी (फाटा) आणि व्हॉल्व मागितलाय. शेठची ना नाही. मंडळाकडे त्याचा अर्ज मी गेल्या आठवड्यात टाकला, सोबत महिनावार तक्ता जोडून. जून ते सप्टेंबरच्या रकान्यात शून्य आहे आणि त्या महिन्यांत व्हॉल्वला कुलूप राहील असं आबांकडून लेखी घेतलंय. किल्ली कुणाकडे असणार, असा प्रश्न त्रुटीत येणार हे मला माहीत आहे. आबा म्हणतात, माझ्याकडे.